रेडिओवरचं विरजण

प्रिय दादा,

आज कुरुळीला आमच्या घरात वीज आली. पहिला दिवा लागला, सगळे उजेडाकडे बघत राहिले, आणि आमच्या मामंजींनी काय केलं असेल? बाजेवर उभं राहून दिव्याखाली तळवा धरला आणि ओरडले, "शांते, तुझ्या दादाचं खरं हाय बघ! समदी ऊब वाया चाललीया!" सगळे हसले. मी चुलीशी जाऊन डोळे पुसले, मग मलाही हसू आलं. तू जाऊन वर्ष होत आलं. आज तुला लिहिल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

काय रे तुझं ते वेड! कंपनीत तू बॉयलरवर. वाफेच्या नळ्यांना जाड आवरण घालायचं, ऊब निसटू द्यायची नाही, हे तुझं काम. पण ते काम तू पिंपरीच्या आपल्या खोलीतही घेऊन यायचास. विजेच्या शेगडीभोवती पत्रा लावलास, किटलीला जुन्या घोंगडीचा अंगरखा शिवलास. इस्त्री बंद केल्यावर उरलेल्या उबेवर मला रिबिनींवर इस्त्री फिरवायला लावायचास. आई म्हणायची, "उष्टं अन्न खाणारे पाहिले, उष्टी ऊब खाणारा हा पहिलाच!"

आणि तो रेडिओ! साहेबांच्या घरून जुना रेडिओ आणलास तो गाणी ऐकायला, असं आम्हाला वाटलं. तू त्याच्या तापलेल्या पाठीला हात लावलास आणि तुझे डोळे चमकले. दुसऱ्याच दिवशी त्याच्या डोक्याला करवतीनं गोल भोक पाडून त्यात विरजणाचं पातेलं बसवलंस. खरं सांगते, ऐन थंडीत इतकं घट्ट दही कधी लागलं नव्हतं. पण दही लागेपर्यंत रेडिओ बंद करायचा नाही, हा कुठला न्याय? भजन, बाजारभाव, न कळणाऱ्या भाषांतली भाषणं, सगळं आम्ही दह्यासाठी ऐकलं!

ह्या नादापायी माझी दोन स्थळं गेली, ते तरी कबूल करशील? पहिल्या पाहुण्यांचा चहा निवू नये म्हणून तू त्यांच्या कपांना टोप्या घातल्यास. दुसऱ्या मुलाच्या वडिलांचा हात धरून रेडिओच्या पाठीवर ठेवलास. आई रडकुंडीला आली. मलाही वाटायला लागलं, आपलं आता काही जमत नाही. म्हणून कुरुळीची मंडळी येणार त्या दिवशी आईनं तुला शपथ घातली, "ऊब हा शब्द तोंडातून काढायचा नाही!"

तू गप्प बसलास, अगदी देव्हाऱ्यातल्या देवासारखा. रेडिओवर भजन चाललेलं, वर पातेलं, पातेल्यावर आईचा भरतकामाचा रुमाल. मध्येच रेडिओ खरखरला. मामंजी म्हणाले, "चावडीवरचाबी असाच करतो. एक चापट दिली की सुधरतोय." तू "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्यांनी रेडिओला सणसणीत ठेवून दिली.

पातेलं आत कलंडलं. धडाम! जळक्या दुधाचा वास, आणि अख्ख्या चाळीची बत्ती गुल, कारण आपल्या खोलीच्या फ्यूजला तू जाड तार लावून ठेवली होतीस, तो वितळलाच नाही आणि चाळीचा मोठा फ्यूज उडाला. लग्नावर विरजण पडणं म्हणतात ते मी प्रत्यक्ष पाहिलं, दादा!

सगळीकडे अंधार. मग तुझाच आवाज, हळूच, "दिवा गेला तरी काच गरमच असेल बघा." शपथ मोडली नाहीस, 'ऊब' म्हणालाच नाहीस! मामंजींनी डोक्यावर लोंबणारा दिवा चाचपला. "आयाया! पोळलं की!" मला हसू फुटलं. तोंडात पदर कोंबला तरी थांबेना. समोरून आणखी कुणीतरी खुदकन हसलं. तो आवाज पुरुषाचा होता आणि मला आवडला.

शेजाऱ्यांनी कंदील आणला तेव्हा मामंजी बोटांवर फुंकर घालत होते. "एवढी आग, आन उजेड एवढासा? मंग बाकीची जाती कुठं?" बस्स, तुला तेवढंच हवं होतं! पानांवरचं जेवण निवलं, तुमचं दोघांचं आटपेना. निघताना ते म्हणाले, "तुमचा रेडिओ आमी मोडला. आता पोरीला न्हाई म्हणाया तोंडच ऱ्हायलं न्हाई. आन म्हणायचंबी न्हाई."

पुढं तू कुरुळीला येऊन आमची चूल मोडून नवी बांधलीस. धूर कमी झाला, सरपण कमी झालं, आणि सासूबाई पोटच्या लेकापेक्षा तुझंच कौतुक करायला लागल्या. आमचे हे त्यावर अजून कुरकुरतात.

मग एक विचारू, दादा? शेगडीची ऊब राखलीस, किटलीची राखलीस, आणि स्वतःची? बॉयलरवरून घामानं निथळत बाहेर पडायचास आणि तसाच थंडीवाऱ्यात सायकलवर. तुझ्या लग्नानंतर वहिनीनं विणलेला स्वेटर घडी घालून पेटीत! "मी आतूनच गरम आहे," म्हणायचास. छाती भरली, ताप चढला, आणि बघता बघता सगळं संपलं. एवढा शहाणा तू, एवढी साधी गोष्ट कशी रे कळली नाही? मी अजून तुझ्यावर रागावलेली आहे.

आमच्या ह्यांनाही आता कंपनीत पहाटेची पाळी लागलीय. तेही तसेच निघतात, सदऱ्याची वरची बटणं उघडी टाकून. तुला वचन देते, उद्यापासून स्वेटर घातल्याशिवाय त्यांना सायकलला हात लावू देणार नाही. भांडेन, रुसेन, आणि तरी ऐकलं नाही तर दोन्ही चाकांची हवा सोडेन!

तुझी रागावलेली, पण तुझीच,
शांता