हंबीरमामांची फटफटी

सातारा, १९४७

हंबीरमामा,

"लगीन करीन तर नाथाजीशीच," असं साळू तुमच्यासमोर बोलली आणि त्या घडीला माझं सगळं पालटलं. तुम्ही हसलात. "सांगलीचं कालेज सोडलेल्याला माझी पोरगी? आधी माझी फटफटी खंबाटकीचा घाट चढवून दाव."

चढ लागला की इंजिन नुसतं गुरगुरायचं, चाक ओढायचं नाही, म्हणून क्लच उघडून पाहिला. क्लच असतो त्या साखळीच्या डब्यात तुम्हीच गुऱ्हाळाच्या चरकाचं वंगण भरलेलं. वर म्हणता, "चरकाला चालतंय ते हिला का न्हाई?" त्यानंच प्लेटा घसरत होत्या. मी त्या रॉकेलनं धुतल्या, झिजलेली साखळी बदलली. आज फटफटी खंबाटकी चढून आली.

हे पत्र टाकत नाही, न वाचताच फाडाल. तोंडावरच मागणी घालतो. नाही म्हणालात, तर साळू तुमच्याच फटफटीवर माझ्यामागं बसायला तयार आहे. दार ओढून घेतो आणि निघतो.

तुम्ही माना न माना, तुमचा जावई
नाथाजी