वेल्नोवमधली शेवटची पेटती भट्टी

मी झ्लाता होरेन, कै. ब्रानिमिर होरेन यांची विधवा, वय एकाहत्तर, धंदा पाव भाजणे, राहणार कुंभारघाट, वेल्नोव. डोळ्यांना कमी दिसते, पण डोके ठिकाणावर आहे आणि हे कोणी माझ्याकडून लिहवून घेत नाही. माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे जे करायचे ते खाली लिहिले आहे. ते तसेच व्हावे.

पहिले. भट्टी, तिच्यामागचे जळणाचे छप्पर आणि आंबवलेल्या पिठाचे मडके सुतार ओस्तोया याला द्यावे. त्याला पाव भाजता येत नाही, पण माझा पाव विकत घेऊन खाणारा गल्लीत तो एकटाच उरला आहे. मडक्यात रोज मूठभर ताजे पीठ घालावे लागते. माझे मढे घरात असले तरी आधी ते घालावे.

दुसरे. पाव भट्टीत सरकवायची लांब दांड्याची फळी गोराझ्दला द्यावी. तो पूर्वी माझ्या समोरच पाव विकायचा. मनोऱ्यातल्या मांत्रिकांनी मंत्राने पाव काढून चौकात फुकट वाटायला सुरुवात केली, तशी त्याने आपली भट्टी फोडली आणि त्यांच्याकडे वाटपावर लागला. जाताना म्हणाला, "झ्लाताबाई, आभाळातून पाव पडतोय आणि तुम्ही घाम गाळताय! आता तुमचं गिऱ्हाईक म्हणजे उंदीर." उंदरांचे त्याने बरोबर सांगितले. मनोऱ्याच्या पावाला ते तोंडसुद्धा लावत नाहीत.

तिसरे. नदीपलीकडचे शेत कोणालाही विकू नये, ओस्तोयाने कसावे. फुकट पावाने शहर भरभराटले, हे मी नाकारत नाही. उपाशी कोणी झोपले नाही. पण गव्हाला भाव उरला नाही, शेतकरी नांगर टाकून शहरात आले, आणि कापडाच्या मागांच्या मालकांनी लगेच मजुरी उतरवली. पोट मनोरा भरतो, मग पगार कशाला, म्हणे. पिठाच्या गिरणीत आता आरसे बनतात. शहर तिप्पट वाढले आणि त्याच्या भोवती पेरलेले शेत राहिले ते एवढेच.

चौथे. ब्रानिमिरचा मेंढीच्या कातड्याचा कोट कोणाला देऊ नये, माझ्या अंगावर घालून मला पुरावे. त्याचे कारण सांगते. माझा पाव आंबट लागतो म्हणून ब्रानिमिर मनोऱ्याचाच खायचा. आमच्या घाटाचा पाव काढणारा धाकटा मांत्रिक तिहोमिर गेल्या हिवाळ्यात वारला. त्याच दुपारी घाटावरच्या वाटपाच्या फळ्यांवरून त्याचे सगळे पाव नाहीसे झाले, ताटातला चुरासुद्धा. लोक हसले. संध्याकाळी ब्रानिमिरच्या बोटातून अंगठी आपोआप गळली. "खिडकी लाव गं," तो म्हणाला, "वारा मला ढकलतोय." मी माझा पाव दुधात कुस्करून भरवला, पण उशीर झाला होता. पुरायच्या वेळी ओस्तोयाने पेटी एका हाताने उचलली आणि तशीच खाली ठेवली. "काकू, काका आहेत ना आत?"

झाकण काढून दाखवले. आत होता. कंदिलाच्या कागदासारखा. कोट त्याला पेलला नसता, म्हणून तो मागे राहिला.

त्या आठवड्यात घाटावरची खूप माणसे गेली. मनोऱ्याने साथ म्हणून दवंडी पिटली. मला एवढेच कळते: मंत्राने आणलेली वस्तू मंत्र म्हणणाऱ्याबरोबर परत जाते. ज्यांच्या अंगावर त्याच पावाचे मांस चढले आहे, त्यांच्याकडून काय परत जाते ते मी डोळ्यांनी पाहिले. आता सगळे वेल्नोव एकट्या थोरल्या मांत्रिकाचा पाव खाते आणि तो वसंतापासून मनोऱ्याच्या सज्जात दिसलेला नाही.

पाचवे. राहते घर माझी मुलगी नेवेना हिला द्यावे, पण एका अटीवर. तिने वर्षभर फक्त माझ्या भट्टीचा पाव खावा. हे तिला मी तोंडी सांगितले होते.

"आई, सगळं शहर खातंय. तुझं एकटीचंच पोट शहाणं?"

"मी वेडी ठरले तर वर्षभर आंबट खाशील, दुसरं काय?"

"मग घर नकोच मला," म्हणाली आणि गेली. तेव्हापासून आलेली नाही.

इथवर लिहून झाले. वेल्नोवात वाटेकरीच साक्षीला बसतात, म्हणून ओस्तोया आणि गोराझ्द सहीसाठी आले होते. तेवढ्यात मनोऱ्याची घंटा वाजू लागली आणि थांबेना. रस्त्यावरून कोणीतरी ओरडत गेले, थोरले मांत्रिक गेले. गोराझ्दच्या पाठीवरची पावांची झोळी आमच्या देखत रिकामी होऊन लोंबली. तो तसाच सही करायला बसला, पण लेखणी कागदावर उमटेना. ओस्तोयाने त्याच्या हातावर हात ठेवून दाबली, तेव्हा उमटली.

थोड्या वेळाने दार वाजले. नेवेना होती. वाऱ्यात पाय टिकावेत म्हणून तिने झग्याच्या दोन्ही खिशांत दगड भरले होते.

"आई," ती म्हणाली, "पाव आहे?"

पाचव्या कलमातली अट मी रद्द करते. घर नेवेनाचे. सकाळचा अर्धा पाव होता तो तिला दिला आहे, आणि ती रडत रडत खाते आहे.

आणखी कलमे लिहायची होती, पण ती राहू देत. दाराबाहेर रांग लागली आहे. घाटाच्या पायऱ्यांपासून चौकापर्यंत माणसे एकमेकांचे हात घट्ट धरून उभी आहेत, उडून जाऊ नये म्हणून. मला पीठ मळायला घ्यायचे आहे.

सही: झ्लाता होरेन

साक्षीदार:
१. ओस्तोया, सुतार
२. गोराझ्द, पूर्वीचा भट्टीवाला (सही ओस्तोयाच्या हाताच्या आधाराने)

स्थळ: भट्टीघर, कुंभारघाट, वेल्नोव
तारीख: कापणीच्या महिन्याचा नववा दिवस, दुपार