इरफानची एक जून

बुधवार, संध्याकाळ

दक्षिण आशियाई स्पर्धेला जाणाऱ्या देशाच्या फुटबॉल संघात आपल्या पेठेचा इरफान! तो ज्या तालमीकडून फुटबॉल खेळतो तिच्यापुढं फटाके वाजले, आणि माझ्या डोक्यात सकाळपासून एकच किडा वळवळतोय. पेपरातली त्याची जन्मतारीख. एक जून. संघ तेवीस वर्षांखालच्यांचा, त्या तारखेनं हा गडी बावीसचा, पण मला काही केल्या तसा वाटत नाही. तालमीवाल्यांनीच शाळेच्या दाखल्यात खाडाखोड केली असणार. दुसरं काय?

पेढे घेऊन त्याच्या आईकडं गेलो. शिलाई मशीनवरून त्या हसतच उठल्या. सहज विचारल्यासारखं विचारलं, "शाळेत घातला तेव्हा केवढा होता हो?"

"सात सरून आठवं लागलं व्हतं की."

म्हणजे कागदापेक्षा दीड-दोन वर्षांनी मोठा, तेवीस कधीच उलटली! "मग ही एक जून कुणी घातली?"

"तुमीच की गुर्जी! जन्माचा दाखला न्हाई म्हटल्यावर तुमीच म्हनलासा, सहा पुरी धरतो, एक जून लिवतो."

 खरंच की. दाखला नसलेल्या प्रत्येक पोराला मी एक जूनच लिहायचो. निम्मा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला.

तालमीविरुद्ध सकाळी लिहिलेला तक्रार अर्ज अजून खिशात आहे. शाळेच्या रजिस्टरातही हेच अक्षर आहे.