दाराखालची फट

ती. आईस,

लांबूनच पाया पडतो. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं, अंगात स्वेटर असतो.

काम तेच, लोकांच्या घरातल्या फटी बुजवायचं. घरातली ऊब बाहेर जाता कामा नये, असा इथे सरकारी नियम आहे. गेल्या महिन्यात एका शिंपीणबाईंच्या दाराखाली बोटभर फट निघाली. म्हणाल्या, "घर माझं, थंडीही माझी. सरकारला का हुडहुडी भरते?" मी हसलो आणि रबराची पट्टी ठोकून आलो. नियम वाईट नाही गं. त्यांचे गुडघे आता दुखत नाहीत, हे त्याच सांगतात.

पण बाईंच्या समोरच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा एकटे राहतात. सकाळी त्यांचा खोकला त्या फटीतून ऐकू आला, की बाई दोघांचा चहा टाकायच्या. पट्टी ठोकताना हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. गेल्या आठवड्यात आजोबा पडले आणि दोन दिवस हाका मारत राहिले. बाईंना काहीच ऐकू गेलं नाही. आता ते दवाखान्यात आहेत, शुद्ध नाही.

मी पट्टी काढायला गेलो, तर बाई म्हणाल्या, "राहू दे. आता तिकडून काय ऐकू येणार आहे?"

वारा येतो म्हणून दाराखाली गोणपाट सार, असं मीच तुला लिहिलं होतं ना? ते आजच काढ. तुझा खोकला शेजारच्या काकूंना ऐकू जाऊ दे.

तुझा,
धाकटा