डाव्या काठीचा ठोका

दिल्ली, रविवार

लाडक्या आरिफला आपाचा सलाम,

मी मजेत आहे. सभेत बोलून बसलेला घसाही सुटलाय, अम्मीला सांग. तिचे गुडघे कसे आहेत?

तुमच्या ‘आडवी पेठ’ बँडचं नवं गाणं ऐकलं. राजारामपुरीच्या हॉलमध्ये वीसच माणसं येतात म्हणून तुमचं संगीत लहान ठरत नाही. सात मात्रांची चाल अचानक पाचांवर येते, गिटार आणि कीबोर्ड दोन वाटांनी जातात, आणि आता सगळे हरवले असं वाटताच ड्रमवर तुझ्या डाव्या काठीचा हलका ठोका त्यांना एकत्र आणतो. हे लोकांना कळणार नाही म्हणणाऱ्यांशी मी भर सभेत भांडेन.

पण या गाण्यात तो ठोकाच नाही. तुमच्या गिटारवाल्या सोहेलला फोन केला. तो घाईघाईने म्हणाला, “आपा, पब्लिकसाठी सोपं केलंय की! दुसरं काय न्हाय.”

मला पटत नाही. गाणं सोपं करा म्हणणाऱ्या आयोजकाला तूच, “पावणं, च्या प्या आन् वाटंला लागा,” म्हणाला होतास. शिवाय अम्मी सहज बोलून गेली, आरिफ हल्ली मोटरसायकल सोडून बसने जातो. क्लच डाव्या हाताने दाबायचा असतो, एवढं मलाही कळतं.

हाताला काय झालंय? अम्मीला पत्र वाचून दाखवताना हे गाळ, पण माझ्यापासून लपवू नकोस.

तू डावखुरा आहेस. उत्तर फोनवर नको, हाताने लिही. अक्षर पाहून मी कोल्हापूरचं तिकीट काढायचं की नाही ते ठरवेन.

तुझ्या पत्राची वाट पाहणारी,
शबनूर आपा