कावळ्याची सही

पिपरी मेघे, वर्धा
रविवार, दुपारच्या चहाची वेळ

तीर्थस्वरूप नमिताताईस, तुझ्या धाकट्या चुलतबहिणीचा, म्हणजे शरयूचा, वाकून नमस्कार. (वाकून हे खरंच. माझे गुडघे अजून शाबूत आहेत. इथल्या काही नटांबद्दल तसं म्हणता येणार नाही, पण ते पुढे.) तुझी पाठ कशी आहे? भाऊजींची साखर आटोक्यात आहे ना? सोबत गोरसपाकाच्या बिस्किटांचा डबा पाठवते आहे, तो त्यांच्या हाती लागू देऊ नकोस. बडोद्याला पोचेपर्यंत निम्म्याचा चुरा झाला तर दूध घालून खा. इकडे ऊन तापलंय, नळाला एक दिवसाआड पाणी आहे, आणि आमच्या कॉलनीतल्या रंगसेवा मंडळाने नानाकाकांचं ‘संगीत धामकन्या’ करायला घेतलंय. पहिल्या दोन गोष्टी पावसाळ्यात संपतील.

नानाकाका तुझे वडील, आणि त्यांच्या नाटकाचे हक्क आता तुझ्याकडे, म्हणून हे सविस्तर कळवणं माझं कर्तव्य आहे. मी तालमींना जाते ती केवळ लक्ष ठेवायला, हेही आधीच सांगून ठेवते. मंडळ म्हणजे महादेवराव. ते सरकारी खात्यातून निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात कोणीतरी सौजन्याने म्हणालं की साहेबांमध्ये एक कलावंत दडलेला आहे. त्याला दडलेलाच राहू द्यायला हवा होता. नाटकाचा नायक बावीस वर्षांचा नावाडी, आणि महादेवरावांचा नातू आता बाविशीला टेकलाय. पहिल्या अंकात नायक गुडघा टेकून नायिकेला मागणी घालतो. महादेवरावांनी गुडघा टेकला, मागणी घातली, नायिकेने होकार दिला, तरी हे आपले खालीच. शेवटी तबलजी आणि एक कोळी (नाटकातला, एरवी विम्याचा एजंट) यांनी काखेत हात घालून त्यांना वर काढलं. तेव्हापासून आमच्या धाम नदीच्या काठी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवलेली असते. (सध्या नायिकेचं काम करणाऱ्या बाईंबद्दल मी काही बोलणार नाही. या सगळ्या गोंधळात तेवढं एकच माणूस सुरात आहे, असं जाणकार म्हणतात.)

नावेचं तर विचारूच नकोस. पवनारच्या श्रावणची भाजीची हातगाडी मागून आणली, तिला चारी बाजूंनी रंगवलेला पुठ्ठा ठोकला आणि सर्वानुमते तिला नाव म्हणायचं ठरलं. स्टेज प्रेक्षकांच्या बाजूला उतरतं आहे हे कोणी पाहिलं नव्हतं. महादेवराव वल्हं घेऊन चढले, नायिकेच्या सखीला हात दिला, आणि सखी चढायच्या आत नाव निघाली. पेटीवाले वेळेवर उठले, पेटीला उठता आलं नाही. सगळे महादेवरावांना कुठे लागलं ते पाहायला धावले. श्रावण तेवढा जाऊन चाकापाशी बसला. “तुमचं नाटक चालू द्या जी,” तो म्हणाला, “पन माही गाडी सकाळी बजारात पाह्यजे.” इतका स्वच्छ संवाद त्या स्टेजवर महिनाभरात कोणी बोललं नव्हतं.

दिग्दर्शक प्रफुल. माझाच विद्यार्थी. कविता म्हणून दाखव म्हटलं की याच्या पोटात दुखायचं. आता लग्नांमध्ये साउंड सिस्टिम लावतो, आणि नागपूरला कसलंसं शिबिर करून आल्यापासून प्रत्येक वाक्यात ‘एनर्जी’ म्हणतो. पेटी मोडली ती याच्या पथ्यावरच पडली. आता सगळी साथ मोबाइलवरून वाजणार. काकांच्या बावीस पदांपैकी नऊ उरली आहेत, आणि तिसऱ्या अंकातलं ‘नको नदीला हाक मारू’ हे पदसुद्धा कापलं. कारण काय, तर प्रमुख पाहुण्यांना पुढे जाम गावी दुसऱ्या कार्यक्रमाला जायचंय. मी म्हटलं, अरे, त्या पदाशिवाय नायिका घर सोडून गेली का आणि परत आली का, हेच कळत नाही. तर म्हणतो, “मॅडम, पब्लिक आता इतका वेळ बसून नाई राह्यली. थोडं समजून घ्या नं.” शाळेत तीन वर्षं याला समजूनच घेतलं मी, नाहीतर हा अजून सातवीत असता.

आता मुद्द्यावर येते. (तू म्हणशील, आली एकदाची. पण पार्श्वभूमीशिवाय मुद्दा म्हणजे फोडणीशिवाय वरण.) सभागृहाचा व्यवस्थापक विवेक, त्याने लेखकाची लेखी परवानगी मागितली. महादेवराव म्हणाले, लेखक वारले. विवेक म्हणाला, मग वारसाची आणा. लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात. काकांना जाऊन अकरा झाली. उरलेल्या वर्षांत महादेवरावांनी मनातल्या मनात आपलं वय मिळवून पाहिलं असावं, कारण त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. मग म्हणाले की परवानगी आम्हाला खुद्द लेखकाने दिलेली आहे, वारल्यानंतर, आणि चारचौघांसमक्ष.

ताई, तू तिथे होतीस. पवनारला धामच्या काठी काकांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. तू म्हणालीस, आईला बडोद्याला नेऊन सांभाळीन. शिवला नाही. भाऊजी म्हणाले, सासऱ्यांचं घर विकू देणार नाही. शिवला नाही. (घर पुढे विकलंच, तेव्हा त्या कावळ्याला माणसांची पारख होती म्हणायची.) ऊन चढलं, भटजी घड्याळ पाहू लागले, आणि महादेवराव हात जोडून म्हणाले की नानासाहेब, तुमची धामकन्या आम्ही पुन्हा उभी करू. आणि शिवला. लोकांनी डोळे पुसले. माझं मत मी तेव्हाच सांगितलं होतं. हे गृहस्थ इतका वेळ पिंडाला खेटून उभे होते, बोलून झाल्यावर मागे सरले, तेव्हा कुठे त्या पक्ष्याला उतरायला जागा झाली. तर हीच म्हणे मंडळाची परवानगी. तसा रीतसर अर्ज केला त्यांनी, खाली घाटावरच्या साक्षीदारांच्या सह्या घेऊन. विवेकने तो पूर्ण वाचला आणि तो हसला नाही, याबद्दल त्याला मानलं पाहिजे. “साक्षीदार तं सारे बराबर हायेत, काका,” तो म्हणाला, “पन कावळ्याची सही कुठी हाय?”

त्यामुळे आता मंडळ तुला गोडगोड पत्र लिहील. त्याआधी माझं पोचावं म्हणून ही घाई. सरळ नकार कळव. जिथे नायक खुर्चीवरून प्रेम करतो आणि नदीला मेथीचा वास येतो, तिथे काकांचं नाव नको. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तू पाठीला शेक देत जा.

काकांच्या अब्रूची राखण करणारी,
शरयू

ता. क. पत्र पुन्हा वाचून पाहिलं. जरा जास्तच झालं. सरळ नकार दिलास तर महादेवराव मनाला लावून घेतील, आणि शब्द दिला म्हणून बिचारे या वयात धडपडताहेत हेही खरं आहे. तेव्हा परवानगी दे, पण अटीवर. हक्क तुझा, तर अट घालायचा अधिकारही तुझाच. डब्यात वरच्या कागदाखाली मी मजकूर लिहून ठेवलाय, तू फक्त सही करून उलट टपाली पाठव. पेटी-तबल्याची साथ समोर बसून हवी, मोबाइल चालणार नाही. आणि ‘नको नदीला हाक मारू’ हे पद तिन्ही कडव्यांसह पूर्ण झालं पाहिजे, नाहीतर प्रयोग रद्द. पाहुण्यांना जामला उशीर झाला तर होऊ दे.

ता. क. २. नायिकेचं काम मी करते आहे. ती एकोणीस वर्षांची आहे हे मला माहीत आहे, सांगू नकोस. आधी नयन नावाची मुलगी होती, पण नाव पेटीवर आदळलेली पाहिली आणि ती दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. ताई, ते पद काकांनी आमच्या ओसरीवर बसून लिहिलं होतं. एकेक ओळ झाली की मला हाक मारायचे, चालीवर म्हणायला लावायचे, आणि मग पुढची लिहायचे. तेव्हाच्या प्रयोगाला मात्र नागपूरच्या बाई आणल्या, कारण घरातली मुलगी स्टेजवर कशी उभी करायची. त्या गात होत्या आणि मी विंगेत त्यांच्यासाठी गरम पाण्याचा तांब्या धरून उभी होते. दुसऱ्या कडव्यात वरचा सूर त्यांना लागला नाही. मला लागायचा. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, आणि अजून वाटतं. अजूनही लागतो तो मला, रोज सकाळी स्वयंपाकघराचं दार लावून पाहते.

ता. क. ३. सकाळपासून कंपाउंडच्या भिंतीवर एक कावळा येऊन बसला होता. पोळीचा तुकडा ठेवला, तर शिवेना. मी असल्या गोष्टी मानत नाही हे तुला ठाऊकच आहे. तरी आजूबाजूला कोणी नाही असं पाहून त्याला म्हटलं की ताई सही करेल. आत्ता पाकीट चिकटवायच्या आधी बाहेर जाऊन आले, तर पोळी नाही. (मांजराने नेली असेल. पण मी तुझ्या वतीने शब्द देऊन बसले आहे, तेव्हा तेवढी सही कर.)