जिभेवरचा दगड

आप्पा, आज कामथडीच्या रानात मी एक दगड चाटला. हे तुम्हाला सांगावंसं वाटलं. दुसऱ्या कुणाला सांगणार?

तुमची सगळी नोकरी उत्तरेत गेली, अरवलीतल्या जस्ताच्या खाणींत. भूगर्भशास्त्रज्ञ हा शब्द भोरात कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून तुम्ही ‘खाणवाले साहेब’. सुट्टीवर आलात की ट्रंकही न उघडता राजगडाकडे निघायचात. रात्र गडावर काढायची, पिशवीभर दगड घ्यायचे आणि गडाखालच्या गुंजवण्याहून मिळेल त्या टेम्पोनं परत. आई म्हणायची, “खाणीत दगड कमी पडले का?” प्रत्येक दगड तुम्ही जिभेला लावून बघायचात. ओला झाला की त्याचा दाणा दिसतो. जीभ चिकटली तर तो आतून कुजलेला, पाणी धरणारा. लहानपणी मला याचं भारी कौतुक होतं. मोठी झाले आणि लाज वाटायला लागली.

मला बघायला कामथडीची माणसं आली तो दिवस. मी स्वयंपाकघरात पोह्यांवर खोबरं घालतेय, आणि बाहेर मामंजी, म्हणजे तेव्हाचे पाहुणे, विचारताहेत, “सायेब, खाणीत तुमी करता काय नेमकं?” तुम्ही पायरीजवळचा खडा उचलता, पँटला पुसता आणि सगळ्यांदेखत चाटता. दारातून मला सगळं दिसतं. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. पाहुणे गेल्यावर मी तुमच्यावर तोंड टाकलं, “कामथडीच्या माणसांसमोर पुन्हा हे करायचं नाही.” बुटाची नाडी सोडत तुम्ही म्हणालात, “दगड स्वच्छ असतो गं. जिभेनं माणसं याहून घाण कामं करतात.” पण माझं ऐकलंत. पुढं लग्नानंतर आमच्याकडे यायचात, रानात हिंडायचात, दगड नुसता हातात फिरवून खिशात टाकायचात. सवय सुटली असं समजून मी निर्धास्त झाले.

आज आमच्या रानात विहिरीचं काम अडलं. मशीनवाला म्हणतो, हितं पानी न्हाई, जागा बदला. धाकट्या दिरानं खालून आलेला दगड माझ्या हातावर ठेवला. “वैनी, तुमी सायबांची लेक, बगा की.” सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझा हात वर जाईना. चष्मा आणते म्हणून मी मशीनवाल्याच्या टेम्पोच्या आड गेले आणि तिथं दगड जिभेला लावला. जीभ चिकटली. परत येऊन म्हणाले, इथंच खणा.

बांधावर बसलेले मामंजी हसले. “पोरी, तुजं वडील बी असंच गोठ्याआड जायचं. आमी बगत व्हतो. तुला वंगाळ वाटंल म्हून कुनी बोललं न्हाई.”

मग मामंजी पुढं म्हणाले, “त्या दिशी पायरीवरच म्या ठरवलं. जो मानूस दगडबी पारखून घेतो, त्याची पोर डोळं झाकून करावी.”

म्हणजे त्या अंगणात तुमची लाज फक्त मला होती, आप्पा. एवढं ऐकूनही माझा हात आधी कुठं गेला सांगू? पदराकडे. ओठाला माती राहिली होती, ती मी घाईघाईनं पुसली.